मास्तरांच्या वह्या आणि मधेच बंद पडणारं मशीन

मास्तर,

हे मी कॉम्प्युटरवर लिहितो आहे. तुम्हाला हसू येईल. आपल्या प्रेसच्या गल्लीच्या तोंडाशी पहिलं कॉम्प्युटर टाइपिंगचं दुकान उघडलं, तेव्हा तुम्ही काचेतून डोकावून आला होतात आणि डबा सोडता सोडता म्हणालात, "खिळेच नाहीत रे. मग यांच्या हातून खाली पडतं काय?" आता मी सांगू शकतो. सगळं पडतं. अक्षराचा शिशाचा खिळा पडला तर निदान टण्ण आवाज व्हायचा, वाकून उचलता यायचा. इथे अख्खं पान जातं आणि आवाजसुद्धा होत नाही. गेले अठरा दिवस हे मशीन एकदाही बंद पडलेलं नाही, पण माझा भरवसा बसत नाही. दर ओळीनंतर थांबून मी ती जपून ठेवायची बटणं दाबतो. सून म्हणते, "बाबा, तुम्ही लिहिता कमी आणि जपता जास्त." माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. प्रेस बंद करून निघालो की मी गिरगावच्या नाक्यापर्यंत जाऊन परत यायचो, कुलूप ओढून बघायला. त्यात काही फरक पडलेला नाही.

गणपती झाल्यावर काकूंचा निरोप आला, येऊन जा म्हणून. मी घाबरतच गेलो. त्या खिडकीशी बसल्या होत्या आणि मांडीवर तुमच्या पाच वह्या होत्या. त्या जुन्या, जाड पुठ्ठ्याच्या, वर तुमच्या बारीक अक्षरात एकच शब्द: शुद्धिपत्र. काकू म्हणाल्या, "प्रेसचं काम असेल म्हणून हे गेल्यापासून तीस वर्षं ट्रंकेत ठेवल्या रे. परवा भाची ट्रंक आवरत होती. तिने सहज एक ओळ वाचली आणि वाचायची थांबली." मी वही उघडली. पानाच्या मधोमध पट्टीने मारलेली रेघ, डावीकडे 'अशुद्ध', उजवीकडे 'शुद्ध'. पुस्तकाच्या शेवटी आपण छापायचो तसंच. सुरुवातीची पानं प्रेसचीच होती, प्रुफं तपासताना तुमच्या नजरेतून निसटलेल्या चुका, कुठलं पुस्तक, कुठली ओळ. मग हळूहळू पुस्तकं मागे पडत गेली. भाचीने वाचलेली नोंद मी शोधून काढली. अशुद्ध: चहा थंड झालाय असं म्हणालो. शुद्ध: ती दोनदा हाक मारून गेली होती.

काकूंच्या डोळ्यांचं तुम्हाला सांगायला हवं. नजरेच्या मधोमध धुरकट डाग आलाय, कडेकडेने दिसतं. अक्षर बोराएवढं असलं तर मान तिरकी करून अजून ओळखतात. हे किती दिवस टिकेल ते डॉक्टरही सांगत नाहीत. मी म्हटलं, भाची वाचून दाखवेल की. तर म्हणाल्या, "छान वाचते ती. पण तिच्या आवाजात ते मला तिचे काका वाटतात. मला माझे वाचायचेत. माझ्या डोळ्यांनी, एकटीने बसून. तू मोठ्या अक्षरात करून दे. तू कंपोझिटर आहेस ना?" मास्तर, प्रेस बंद पडून वीस वर्षं झाली. त्यानंतर मी वॉचमन झालो, औषधाच्या दुकानात खोकी उघडली, आणि आता नुसता बसून असतो. 'आहेस ना' असं मला इतक्या वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं. मी हो म्हणून बसलो.

आधी झेरॉक्स मोठी करून बघितली. तुमची पेन्सिल इतकी हलकी, की कागद नुसता करडा आला. सुनेचा लॅपटॉप ऑफिसचा, त्याला घरातल्या कुणी हात लावायचा नाही. मुलगा बोटीवर असतो, त्याला कुठे फोन करत बसू. म्हणून मी कुणाला न विचारता दादरला गेलो आणि जुना कॉम्प्युटर घेऊन आलो. हौसेने गेम खेळणाऱ्या कुणीतरी एकेक भाग निवडून स्वतः जुळवून घेतलेला होता आणि मग नवा घेताना विकून टाकलेला. जुळवलेला म्हटल्यावर मला बरं वाटलं. आपल्याच धंद्यातला शब्द. टॅक्सीतून मांडीवर धरून लालबागला आणला, चाळीच्या जिन्यावर दोनदा टेकलो. चालू केला तर डब्याच्या काचेतून लाल, निळे, हिरवे दिवे फिरायला लागले. शेजारचा गॅलरीतून डोकावून म्हणाला, "काय काका, गणपती गेल्यावर मखर आणलंत?" सून संध्याकाळी आली, दारातच थांबली. "बाबा, हे काय आहे?" मी म्हटलं, टाइपिंगसाठी आणलंय. ती दिव्यांकडे बघून म्हणाली, "याच्यावर लोक रॉकेट उडवतात, बाबा." पण दुसऱ्या दिवशी तिनेच मराठी अक्षरांचे स्टिकर आणून एकेका बटणावर चिकटवून दिले, आणि कागद छापायचं छोटं मशीनही मैत्रिणीकडून मागून आणलं.

एका पानावर सात ओळी. शनिवारी जेवढी पानं झाली असतील तेवढी काकूंना नेऊन द्यायची. पहिली वही सुखाने झाली. दुसऱ्या वहीत मशीन पहिल्यांदा बंद पडलं. म्हणजे पडद्यावर तुमची ओळ होती आणि पुढच्या क्षणी काळोख. मग दिवे फिरले, कंपनीचं चित्र आलं आणि आपोआप पुन्हा सुरू झालं, जसं काही झालंच नाही. माझी चार पानं गेली होती. मला वाटलं, माझ्याकडून काहीतरी भलतं दाबलं गेलं. मी सुनेला सांगितलं नाही. पुन्हा टाइप केली. दोन दिवसांनी पुन्हा तसंच. कधी सकाळी, कधी दुपारी. कधी तीन दिवस काहीच नाही, कधी तासात दोनदा. मी बटणं हळू दाबायला लागलो. मग वाटलं, फार वेळ चालवतो म्हणून दमत असेल, तर अर्ध्या तासाने बंद करून थोडा वेळ थांबून पुन्हा चालू करायचो. या भानगडीत एका शनिवारी काकूंकडे सहाच पानं घेऊन गेलो. त्यांनी कागद डोळ्यांच्या उजव्या कडेला नेला, मग डाव्या, आणि म्हणाल्या, "मागच्या खेपेला बोराएवढं पुरलं. आता जरा लिंबाएवढं कर. आणि अरे, जरा लवकर कर." त्यांच्या जिन्यावरून उतरताना मी हिशेब करत होतो. अजून साडेतीन वह्या बाकी होत्या.

शेवटी सुनेने पकडलंच. "बाबा, हे असं किती दिवस चाललंय? सांगायचं नाही का?" ती ऑफिसात दिवसभर हीच मशीनं हाताळते. तिने डब्याची एक बाजू उघडली आणि आम्ही दोघंही शिंकायला लागलो. खाली मसाल्याची गिरणी आहे, तिचं सगळं तिखट पंख्यात जाऊन बसलं होतं. नाकाला ओढणी बांधून ब्रशने तिने ते साफ केलं. "हेच असणार. आत गरम होत असेल आणि जीव वाचवायला बंद पडत असेल." दोन दिवस बरं चाललं, तिसऱ्या दिवशी काळोख. मग मी ते उचलून दादरच्या दुकानात नेलं. दुकानदार पन्नाशीचा, जाडजूड, कायम काहीतरी चघळणारा. त्याने आतून दोन पट्ट्या उपसून काढल्या आणि चक्क शाळेतल्या खोडरबराने त्यांच्या पिवळ्या कडा घासायला लागला. मी विचारलं, हे काय? "मेमरी आहे, काका. कळकटली की विसरते." मग वीज पुरवणारा आतला डबा बदलला. तीन दिवस ठेवून घेतलं आणि तीन दिवस त्याच्याकडे ते एकदाही बंद पडलं नाही. "मक्खन चालतंय, काका. लोचा तुमच्या घरात आहे." घरी आणलं. पहिल्याच दुपारी बंद. आणि नवल म्हणजे सून रविवारी त्यावर सिनेमा बघत बसली, तीन तास, तर काही नाही. ती म्हणाली, "मला ओळखतं ते. तुमच्यावर राग आहे त्याचा." ती गंमत करत होती, पण मी त्या दिवशी नीट जेवलो नाही. दुकानदार म्हणतो घरात लोचा, सून म्हणते मशीन मला ओळखतं. मला मनातून हेच वाटत होतं, की आपण हात लावतो ते बिघडतं.

तेव्हा मला ती 'बधूबर'ची भानगड आठवली. तुम्हालाही आठवत असेल. मी अठरा वर्षांचा, सातवी नापास. आधी पाय मारायच्या ट्रेडलवर होतो आणि तुम्ही नुकतंच मला केसवर, खिळे ठेवायच्या घराघरांच्या पेटीपुढे, उभं केलं होतं. लग्नसराई होती. वर्षानुवर्षं चूक न करणारे जुने कंपोझिटर, आणि त्यांच्या जुळणीत मधूनच 'वधूवर'चं 'बधूबर' निघायला लागलं. दहा पत्रिकांत एखादी, मग आठवडाभर काही नाही, मग एका दिवसात तीन. मालक जुळवणाऱ्यांना शिव्या घालत होते, जुळवणारे एकमेकांना. तुम्ही कुणाला काही विचारलं नाहीत. तुम्ही एका कागदावर नुसतं लिहीत गेलात, कुठल्या दिवशी, कुठल्या केसवर, आदल्या संध्याकाळी त्या केसमध्ये खिळे परत कुणी टाकले. अंदाज एकही नाही. मग एका दुपारी तुम्ही 'व'चं घर टेबलावर उपडं केलंत आणि एकेक खिळा उजेडात धरून बघायला लागलात. त्यात 'ब' निघाले. जुळवणारा न बघता हात घालतो, त्याचा हात बरोबरच जात होता. भेसळ घरात होती आणि ती मी करत होतो. छापून झालेले खिळे सुटे करून परत आपापल्या घरात टाकायचं काम माझं, आणि खिळ्यावरच्या उलट्या अक्षरात मला व आणि ब वेगळे दिसतच नव्हते. तुम्ही सगळ्यांसमोर मला म्हणालात, "शाळेत काय शिकलास तरी काय?" सगळे हसले. मी पण हसलो. मग तुम्ही मला बाजूला बसवून दोन तास फक्त व आणि ब हातात दिलेत. "काय असायला हवं ते बघू नकोस. जे आहे ते बघ. आणि अर्थात शिरू नकोस, अर्थात शिरलास की चूक हातातून गेली." ते मी आयुष्यभर पाळलं. हजारो पानं जुळवली, पण कुठल्या पुस्तकात काय होतं असं कुणी विचारलं तर मला सांगता यायचं नाही.

मी एक कागद घेतला आणि तुमच्यासारखं लिहायला लागलो. बंद पडलं की वेळ, आणि पडद्यावर शेवटी काय होतं ते. अंदाज नाही. बारा दिवसांत नऊ वेळा झालं. वेळांमध्ये काहीच धागा नव्हता. पंप, गिरणी, वरच्यांची वॉशिंग मशीन, काहीच जुळेना. मग मी दुसरा रकाना वाचला. काकूंचा चहा. काकूंच्या बहिणीच्या लग्नाला तुम्ही गेला नाहीत, ती नोंद. तुमचं बाळ राहिलं नाही त्या आठवड्यातल्या दोन ओळी, ज्यात काय लिहिलंय ते मी इथे परत लिहीत नाही. आणि कागदावर नसलेली, पण मला पाठ असलेली, सगळ्यात पहिल्यांदा, दुसऱ्या वहीत, जिथे हे सुरू झालं, तिथली नोंद. अशुद्ध: सर्वांसमोर त्याला विचारलं, शाळेत काय शिकलास. शुद्ध: शाळा का सुटली, हे विचारायला हवं होतं.

प्रेसच्या चुका उतरवताना मशीन एकदाही बंद पडलं नव्हतं.

मी कागद सुनेला दाखवला. ती त्या दिवशी घरून काम करत होती. तिने दोनदा वाचला. "म्हणजे काय, बाबा? मशीनला मराठी वाचता येतं?" मी म्हटलं, मला काय ठाऊक, पण तू बघ. तिला माझी काळजी वाटली असणार, कारण ती मेथीची जुडी आणि परात घेऊन माझ्या टेबलाजवळ जमिनीवर येऊन बसली. "करा तुम्ही टाइप. मी इथेच आहे." मी तिसऱ्या वहीतलं पान लावलं. काकूंना नाटकाला नेतो म्हणून सांगून तुम्ही प्रुफं तपासत बसलात आणि त्या नेसून तयार होऊन तशाच झोपी गेल्या, ती नोंद. चारपाच शब्द झाले असतील. "बाबा!" मी दचकलो. "बाबा, तुमचा पाय बघा!"

मी खाली बघितलं. माझा उजवा पाय चालू होता. वर, खाली, वर, खाली, एका लयीत. ट्रेडलचा पाय, मास्तर. पंधरा वर्षं मारला होता तो. केसवर गेल्यानंतरही अडीनडीला मीच उभा राहायचो ना. माझ्या अंगठ्याशी डब्याची काळी वायर होती, भिंतीकडून आलेली. दर वेळी पाय खाली गेला की ती किंचित ओढली जात होती. डब्याच्या मागे ती दिसायला घट्ट बसलेली, पण सूनबाईने बोटाने हलवली आणि लगेच काळोख झाला. ती मेथी तशीच टाकून हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अहो, म्हणजे तुम्ही इतके दिवस प्रेस चालवत होतात!" मीही हसलो. रविवारी ती खुर्चीवर मांडी घालून बसते, तिचा पाय खाली येतच नाही. आणि दादरला मी नुसता डबा नेला होता, वायर इथेच. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "काका, वायर का नाही आणली?" मी म्हटलं, तुम्ही म्हणालात डबा आणा. "मी म्हणालो डबा, आणि तुम्ही डबाच आणलात. तुम्ही सरकारी नोकरीत होता काय?" नवी वायर त्याने माणसाबरोबर पाठवून दिली. सुनेने डबा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला स्टुलावर ठेवला आणि मला मांडी घालून बसायची ताकीद दिली.

पण मास्तर, एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. पाय आपोआप हलत होता तो सगळीकडे नाही. अक्षर अक्षर उतरवत होतो तोवर पाय गप्प होता. जिथे मी वाचायला लागलो तिथे तो सुरू झाला. म्हणजे तुम्ही शिकवलेलं मी मोडत होतो आणि मला ते कळलंही नव्हतं. आयुष्यभर शब्द हाताळून मी पहिल्यांदा एक पुस्तक वाचत होतो, तेही तुमच्या हातचं. त्यातला जो माणूस मला भेटला त्याला मी ओळखत नव्हतो. मला वाटायचं, तुम्हाला घरी गेल्यावर दिवसाचं काही आठवत नसेल.

मशीन बरं झालं आणि मग माझी खरी अडचण सुरू झाली. शेवटच्या वहीत तुमचं अक्षर वाकडं होत गेलंय. आजारपण आहे त्यात. तिच्या शेवटच्या पानावर एकच नोंद आहे. वह्या मिळाल्या त्याच दिवशी मी ती चाळताना बघितली होती आणि कशी उतरवायची याची भीती होती. म्हणून मधेच एकदा, मशीन बंद पडत होतं तेव्हाच, मी ती आधी टाइप करून बघितली. बंद पडलं. दुसऱ्यांदा केली, पुन्हा बंद. तेव्हा मला मनातून सुटल्यासारखं झालं होतं. म्हटलं, मशीनच घेत नाही, मी काय करू. अशुद्ध: तिला सांगितलं, दुखत नाही. शुद्ध: दुखतं.

काकू सगळ्यांना काय सांगतात ते तुम्हाला माहीत नाही. वर्षश्राद्धाला, हळदीकुंकवाला, दारात भेटलेल्या भाजीवालीलासुद्धा. "आमच्यांना शेवटी काही त्रास झाला नाही हो. मी रोज विचारायची. नाही म्हणायचे." तीस वर्षं त्या वाक्याच्या आधाराने त्या जगल्या आहेत. आणि प्रेसचा नियम तुम्हीच शिकवलेला. हाती आलेल्या कॉपीत, मूळ मजकुरात, आहे ते सगळं जुळवायचं. एक ओळ गाळली तर दिवसाची मजुरी गेली, आणि जायलाच हवी, असं तुम्ही म्हणायचात.

मी मांडी घालून बसलो आणि ती ओळ टाइप केली. मशीन चालूच राहिलं. दिवे फिरत होते, पंखा घुमत होता, ओळ लिंबाएवढ्या अक्षरात समोर. मी वाट बघत होतो की काहीतरी होईल. काही झालं नाही. सून आतून म्हणाली, "बाबा, चाललंय ना नीट?" मी म्हटलं, हो गं, अगदी नीट. मग मी ती ओळ स्वतःच्या बोटाने एकेक अक्षर मागे घेत पुसली.

आज सकाळी शेवटची पानं घेऊन गेलो. काकू कागद डाव्या डोळ्याच्या कडेला धरून वाचतात, आता एका पानाला पाव तास लागतो. आधी नेलेल्या पानांत नाटकाची नोंद सापडली तेव्हा हसल्या. "नेसले होते ती जांभळी. आणि लक्षात होतं म्हणजे यांच्या! मला वाटलं, बघितलंसुद्धा नाही." मग कागदावरून हात फिरवत म्हणाल्या, "अरे, तू केलंस हे. डोळे असेपर्यंत झालं." निघताना त्यांनी विचारलं, "सगळं आलं ना? गाळलं नाहीस ना काही? शेवटची वही फार पातळ झालीये." मी म्हटलं, "नाही काकू. शेवटी त्यांचा हात चालत नव्हता, लिहिलंच थोडं." त्या म्हणाल्या, "हो. पण दुखत नव्हतं हो त्यांना." मी म्हटलं, "नाही, दुखत नव्हतं."

मूळ वह्याही मी त्यांना परत दिल्या आहेत. पेन्सिल त्यांना आता दिसणार नाही. भाची पुढेमागे उघडेल तर उघडेल, ते मी माझ्या हातात ठेवलेलं नाही. काकूंना खोटं सांगितलं याचं मला वाईट वाटत नाहीये, आणि वाटत नाही याचीच दिवसभर काळजी करतो आहे.

वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं. परळच्या हॉस्पिटलात मी तुम्हाला एकदाच भेटायला आलो होतो. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होतात. मी विचारलं, "मास्तर, दुखतं का हो?" तुम्ही म्हणालात, "नाही रे." मी स्टुलावर दहा मिनिटंही बसलो नसेन. तिथला वास मला सहन होत नव्हता, मला बाहेर जायचं होतं, आणि तुम्ही नाही म्हणालात ते मी चटकन मानलं. तुमच्या तोंडाकडे बघितलं असतं तर मानलं नसतं.